पुस्तकांचे पत्ते सांगणारा निषाद

निषादला वाचनाची आवड नव्हती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. कुठलं पुस्तक कुठल्या वाचनालयात आहे हे लोकांना घरबसल्या सांगायची सोय ज्याने केली, त्या माणसाने शाळा सुटल्यापासून एक कादंबरी धड वाचलेली नव्हती. आमच्या वाचनालयात तो पहिल्यांदा आला तो बायकोची पिशवी धरायला. ती कपाटांमध्ये शिरली की हा दाराजवळच्या बाकावर बसून मोबाइलवर सापाचा खेळ खेळायचा. मी एकदा म्हटलं, "अहो, एखादं मासिक तरी चाळा." तर म्हणतो कसा, "ताई, घरात एक माणूस वाचतंय ते पुरे आहे. दोघंही वाचत बसलो तर कुकर कोण बंद करणार?"

मी सुलक्षणा, मारुंजीच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल. माहेर वाईचं, सासर नेऱ्याचं. हे वाचनालय गावचे पुढारी दादासाहेब यांनी वडिलांच्या स्मरणार्थ काढलं. उद्घाटनाला मांडव घातला, गावजेवण घातलं, आणि वाचक आणायचे तेवढे राहून गेले. गावातली वडीलधारी मंडळी पेपर वाचायला यायची आणि पेपर संपला की जमिनीचे भाव बोलत बसायची. हिंजवडीत कंपन्या आल्या होत्या, कालपर्यंत भात होता तिथे इमारती उभ्या राहत होत्या, आणि ज्याला त्याला परसात दोन खोल्या काढायची घाई झाली होती. सामानाने भरलेले टेम्पो यायचे, जायचे. त्यातून उतरणारी पोरं वाचनालयाच्या पाटीकडे ढुंकूनही बघायची नाहीत. अशात एक मुलगी दारात उभी राहून "इथे मेंबर व्हायला काय लागतं?" म्हणाली, तेव्हा मला अर्ज कुठल्या खणात ठेवलेत तेच आठवेना.

ती मृण्मयी. माहेरची उदगीरची. निषाद अकोल्याचा. दोघंही हिंजवडीत कामाला आणि राहायला गेणबांच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. गेणबा आणि रत्नाबाई म्हणजे मारुंजीतलं जुनं घर. शेत निम्मं विकलं, निम्म्यावर खोल्या बांधल्या. रत्नाबाईंना भाडेकरू म्हणजे डोक्याला ताप वाटायचा, पण या मुलीने त्यांना जिंकलं होतं. ती संध्याकाळी पायरीवर बसून वाचायची आणि रत्नाबाई तिथेच लसूण सोलत बसायच्या. "लई वाचू नगंस गं, डोळं जातील," म्हणायच्या आणि पुढच्या मिनिटाला, "मंग? त्या बाईचं काय झालं म्होरं?"

मृण्मयीचा ब्लॉग होता. ब्लॉग म्हणजे काय ते मला तिनेच समजावलं. इंटरनेटवर आपलं आपण लिहायचं, कोणीही येऊन वाचावं आणि खाली चार ओळी टाकून जावं. संपादक नाही, साभार परत नाही. मी म्हटलं, "छान आहे की. म्हणजे कोणी नको म्हणायलाच नाही!" तो ब्लॉग निषादनेच तिला वाढदिवसाला उभा करून दिला होता. साडीचा खर्च वाचला, असं ती चिडवायची त्याला.

ती लिहायची ती दुकानात न मिळणाऱ्या पुस्तकांवर. कुठल्या तालुक्याच्या गावी कधीकाळी छापलेली, ज्यांचा छापणाराही गेला आणि छापखानाही गेला, अशी. आमच्या कपाटांच्या खालच्या फळीवरून तिने असली पुस्तकं काढली, की त्यांच्याकडे मीही नव्याने बघायला लागले. आणि ती लिहायची अशी, की वाचणाऱ्याला पुस्तक आत्ताच्या आत्ता हातात हवंसं वाटावं. त्यामुळे खाली प्रश्न ठरलेला. मृण्मयीताई, हे पुस्तक कुठे मिळेल? बार्शीहून, सांगलीहून, एकदा तर मस्कतहून. ती प्रत्येकाला उत्तर द्यायची. विचारणाऱ्याचं गाव कुठलं, त्याच्या जवळ वाचनालय कुठलं, हे शोधायची, तिथे फोन करायची, पुस्तक कपाटात आहे का बाहेर गेलंय ते विचारायची आणि मग लिहायची. कितीदा तरी माझ्या टेबलावरच्या फोनवरून तिने असे फोन केले. पलीकडचा ग्रंथपाल आधी वैतागायचा आणि शेवटी हिलाच विचारायचा, "तुम्ही कुठल्या? येऊन जा एकदा."

"लोक रिक्षावाल्याला घराचा पत्ता विचारतात, हिला पुस्तकांचा विचारतात," निषाद म्हणायचा. त्यात कौतुक असायचं. बायकोचं कौतुक करायची सवय नसलेल्या पुरुषांना ते चेष्टेतूनच करावं लागतं.

गणपती होऊन गेल्यावर तिला ताप आला. त्या वर्षी घरोघरी डेंगी होता. ताप चढला, दवाखान्यात ठेवली, ताप उतरला. ताप उतरला म्हणून आम्ही सगळे सुटकेचा श्वास टाकून घरी आलो. रत्नाबाईंनी तांदळाची पेज करून पाठवली. त्या तापाचं असंच असतं म्हणे, उतरल्यावरच खरा घात. पेजेचा डबा तसाच परत आला आणि डब्याबरोबर निरोप आला. अठ्ठावीस वर्षांची मुलगी हो. मी देवाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दहाव्याला मुळा नदीच्या काठी घाटावर आम्ही उभे होतो. पिंड ठेवला होता आणि कावळा शिवत नव्हता. समोर उंबरावर कावळ्यांची रांग बसलेली, पण एक खाली उतरेना. गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकला आहे असं अशा वेळी मानतात, आणि मग एकेक जण पुढे होऊन शब्द देतो. तिचे वडील म्हणाले, "तुझ्या आईला मी जपेन, बाळा." भाऊ म्हणाला, दाजींकडे मी येत-जात राहीन. गेणबा पुढे झाले. "पोरी, तुज्या मालकाला आमी उपाशी ठिवनार न्हाई. सबूद हाय माजा." कावळे जागचे हलले नाहीत. ऊन चढत होतं, भटजी घड्याळाकडे बघायला लागले, कोणीतरी म्हणालं, दर्भाचा कावळा करून उरकू या. तेव्हा रत्नाबाई कडाडल्या, "आरं, तिच्या मनात काय व्हतं त्ये बोला की! ज्यो त्यो आपल्याच मनातलं बोलतुया."

मग निषाद गर्दीतून बाहेर आला. तो पुढे गेला आणि सरळ बायकोशी बोलावं तसं बोलला. "मृण्मयी, ब्लॉगवर जो कोणी विचारेल त्याला पुस्तकाचा पत्ता मिळेल. एकही माणूस उत्तराशिवाय परत जाणार नाही."

तिथे उभ्या असलेल्या निम्म्या लोकांना तो काय बोलतोय ते कळलंही नसेल. मी काही असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही, कावळ्याला भूक लागली की तो येतो एवढंच मला कळतं. पण तो आला. निषादचं बोलणं संपलं आणि आला. निषाद तिथेच खाली बसला आणि पोटात दुखणाऱ्या पोरासारखा दोन्ही हातांनी पोट धरून रडला.

दुसऱ्या आठवड्यापासून तो वाचनालयात यायला लागला. तोच बाक. फक्त आता मोबाइलवर खेळ नसायचा. "ताई, बार्शीचे एक जण विचारतायत," असं म्हणून पुस्तकाचं नाव सांगायचा. मी माहिती काढायची, नाहीतर फोन लावायचे. मग तो जाऊन उत्तर लिहायचा, मृण्मयीच्याच नावाने. तेवढंच, पत्त्यापुरतं. ती गेली हे त्याने ब्लॉगवर लिहिलंच नाही. घरच्यांपैकी कोणाला ब्लॉग ठाऊक नव्हता आणि ब्लॉगच्या वाचकांना घर ठाऊक नव्हतं. 'ताई, हल्ली नवीन लेख नाही?' असं कोणी विचारलं तर तेवढा प्रश्न सोडून तो पुढे जायचा.

मी एकदा स्पष्टच विचारलं. "अरे, लोकांना सांगत का नाहीस?" एव्हाना मी त्याला अरे-तुरे करायला लागले होते.

"सांगतो ना, ताई. एवढे प्रश्न निपटले की सांगतो."

पण प्रश्न काही संपत नव्हते, आणि खरं सांगायचं तर ते संपावेत असं त्यालाही वाटत नव्हतं. "ताई, आज तिघांनी विचारलं!" असं म्हणत तो आत यायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघून कोणालाही वाटलं असतं, याची बायको माहेरी गेलीय आणि तिचं पत्र आलंय. प्रश्न मोठ्याने वाचून दाखवायचा. मृण्मयीताई, तुमच्यामुळे वाचायला लागलो. मृण्मयीताई, आईला हे पुस्तक हवंय. त्यातलं 'मृण्मयीताई' तो जरा सावकाश वाचायचा.

मग कंपनीत कसलंसं मोठं काम निघालं आणि त्याचं येणं खुंटलं. रत्नाबाई येऊन सांगून गेल्या, "पोरगं निस्तं चहावर हाय. ताट दिलं तर म्हनतंय मावशी, ठेवा झाकून. कुटवर झाकून ठेवू?" त्या दिवसांत ब्लॉगवरचे प्रश्न साचत गेले. सांगलीच्या एका शिक्षकांनी तिसऱ्यांदा विचारताना लिहिलं, 'मृण्मयीताई, उत्तर नाही. माझं काही चुकलं का?' ते वाचून निषाद ऑफिसातून तसाच निघून माझ्याकडे आला. चेहरा पांढराफटक. "ताई, शब्द मोडला माझ्याकडून," एवढंच म्हणाला. आम्ही त्या शिक्षकांसाठी पुस्तक शोधलं, उत्तर गेलं, त्यांचे आभारही आले. पण निषादच्या मनाने घेतलं ते घेतलंच. आपण माणूस आहोत, आजारी पडू, कामात अडकू, उद्या आपणही मरू. उत्तर द्यायला माणसावर अवलंबून राहायचंच नाही.

इंजिनिअर जात! आपण बाया रडून मोकळ्या होतो. हे दुःखालासुद्धा सॉफ्टवेअर लिहितात.

त्याने जे लिहायला घेतलं त्याला प्लगइन म्हणतात. शिवणयंत्राला काज करायचा वेगळा जोड बसवतात ना, तसा ब्लॉगला बसवायचा जोड. लेखात पुस्तकाचं नाव आलं, की या जोडाने आपण होऊन वाचनालयांच्या याद्यांमध्ये ते नाव शोधायचं आणि लेखाखाली चौकट काढून दाखवायचं, अमुक गावच्या अमुक वाचनालयात आहे, फोन नंबर हा. ऐकायला सोपं. पण परदेशातल्या याद्या म्हणे पुस्तकाच्या पाठीवरच्या लांबलचक नंबरावर चालतात. तो मला म्हणाला, "ताई, तो नंबर द्या, मग काम पटकन होईल." मी त्याला कपाटापाशी नेलं आणि म्हटलं, "बाबा रे, इथल्या निम्म्या पुस्तकांना पाठच उरली नाही, नंबर कुठला?" सगळी आमच्या बाइंडरने तपकिरी पुठ्ठ्यात बांधलेली. तो हसला. ती गेल्यानंतर मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मग नंबर सोडून नाव, लेखक आणि छापल्याचं साल यांवरून पुस्तक ओळखायचं ठरलं. दादासाहेबांनी दिलेला कॉम्प्युटर आमच्याकडे होता, झालरीच्या कव्हरखाली सुखाने झोपलेला. तो उठवला. आमची सगळी पुस्तकं मी स्वतः त्यात टाइप केली. मराठी टाइप करायला निषादने शिकवलं, आणि एका बोटाने का होईना, मी शिकले. सुटीच्या दिवशी तो बाइक काढून पौडला, तळेगावला, चिंचवडला जायचा, तिथली वाचनालयं गाठायचा. काहींनी चहा पाजला, काहींनी 'कोणाचं पत्र आणलंय?' म्हणून वाटेला लावलं. वाचक नसलेल्या वाचनालयालासुद्धा सरकारी थाट सुटत नाही, हे मी माझ्याच जातभाईंबद्दल बोलतेय. मग त्याने मृण्मयीच्या नावाने ब्लॉगवर दोन ओळी टाकल्या. आपापल्या गावच्या वाचनालयाची यादी पाठवू शकाल का? आणि काय सांगू, लोकांनी रीघ लावली. कोणी फोटो काढून पाठवले, कोणी सुटी घेऊन टाइप करून पाठवलं. सांगलीच्या त्या शिक्षकांनी तर मुलांकडून शाळेचं अख्खं कपाट उतरवून घेतलं. प्रत्येकाच्या मेलवर तेच, मृण्मयीताई, तुमच्यासाठी. त्या दिवसांत तिला जितक्या हाका आल्या तितक्या ती असतानाही आल्या नसतील. निषाद वाळला होता, पण त्याचे डोळे जिवंत होते.

ते तयार झालं त्या संध्याकाळी त्याने मला आमच्याच कॉम्प्युटरवर दाखवलं. मृण्मयीचा एक लेख उघडला, आणि खाली हळूच चौकट आली. 'सार्वजनिक वाचनालय, मारुंजी.' आमचं नाव! माझे डोळे भरून आले, लाजायचं काय त्यात. रत्नाबाई त्याचा डबा घेऊन आल्या होत्या, त्याही पदराला हात पुसत पडद्यापाशी आल्या.

"ह्ये आता कोन सांगतंय?"

"मशीन सांगतंय, मावशी. कोणीही, कधीही बघितलं तरी सांगणार."

"आन् तू रं?"

"मी मोकळा."

"मोकळा हून काय करनार हायेस?" रत्नाबाईंनी विचारलं. त्याने डबा उघडला.

ते यंत्र फार छान चाललं. पुस्तकांवर लिहिणाऱ्या इतर लोकांनीही ते आपापल्या ब्लॉगला जोडून घेतलं. आमच्याकडे पुण्याहून, चाकणहून माणसं येऊ लागली, कागदावर चौकट छापून घेऊन. दादासाहेबांनी सत्कार ठेवला. निषाद त्या दिवशी कंपनीच्या कामाला गेला. मला वाटलं, लाजतोय. नारळ आणि शाल गेणबांनी त्याच्या खोलीवर नेऊन दिली.

त्यानंतर त्याचं वाचनालयात येणंच संपलं. मी म्हटलं, चांगलं झालं, पोरगा सावरला. रस्त्यात दिसला की हात करायचा. कधी कधी मात्र वाचनालय बंद करताना मला तो समोरच्या टपरीवर दिसायचा, चहाचा ग्लास हातात, नजर आमच्या दाराकडे. मी बोलावलं तर म्हणायचा, "काही काम नाही, ताई." अरे, वाचनालयात काम लागतं का? पण त्याला लागायचं.

मृण्मयीचे लेख मी अधूनमधून वाचायचे. ती जाऊन दोन वर्षं होत आली होती. अशीच एकदा तिचा शेवटचा लेख वाचत होते, ताप येण्याच्या आदल्या दिवशी लिहिलेला. जतकडच्या एका शिंपिणीने आपल्या आठवणी लिहिल्या होत्या, लेकाने हौसेने छापल्या होत्या, चिमुकलं पुस्तक. लेख संपला आणि खाली चौकटच नाही. पुस्तक आमच्याकडे होतं. मृण्मयीने वाचलेली प्रत आमचीच. मी उठून बघितलं, जागेवर होतं. यादीत बघितलं, माझ्या हाताने टाइप केलेलं. मग बाकीचे लेख तपासले, सगळ्यांखाली चौकट, एवढ्या एकाखाली नाही. माझं डोकं फिरलं. एका बोटाने रात्रंदिवस टाइप करायचं ते कशासाठी? निषादला निरोप धाडला, असशील तसा ये.

तो आला आणि मी सुरूच केलं. "काय रे, मस्कतच्या माणसाला पत्ते सांगतोस आणि माझ्याच कपाटातलं पुस्तक तुझ्या यंत्राला दिसत नाही?"

"दिसतं त्याला, ताई. दाखवू नको म्हणून मीच सांगितलंय."

"का?"

तो बाकावर बसला. "कोणीतरी विचारावं म्हणून," तो म्हणाला.

मला कळेना. मग त्याने सांगितलं, खाली बघत, तुटक तुटक. "आधी रोज कोणी ना कोणी तिला हाक मारायचं. मृण्मयीताई, म्हणून. त्यांच्या लेखी ती होतीच ना. मी ऑफिसात ते पान उघडायचो, तेवढा वेळ माझ्याही लेखी ती असायची. आता विचारायचं कारणच उरलं नाही. लेख वाचतात, खाली चौकट बघतात, जातात. आभारसुद्धा नाहीत. मशीनचे आभार कोण मानणार? यंत्र लावल्यापासून तिचं नाव कोणी घेतलेलं नाही, ताई. एकानेही नाही. माझ्या हाताने मी तिला गप्प केलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी वेड्यासारखं म्हटलं, "मग काढून टाक ते."

"कसं काढू? शब्द दिलाय तिला. उद्या मी आजारी पडलो आणि एखादा माणूस परत गेला तर?"

"आणि हे एक पुस्तक?"

"याचं उत्तर मी स्वतः देणार. रोज सकाळ-संध्याकाळ बघतो. कोणी विचारलं की त्याच मिनिटाला. म्हणजे शब्दही मोडत नाही."

"विचारलं का कोणी?"

त्याने मान हलवली. नाही. लोकांना सवय लागून गेली होती. चौकटीत दिसलं तर पुस्तक आहे, दिसलं नाही तर ते कुठेच नाही. माणसाला विचारून बघावं हे कोणाच्या डोक्यातही येत नव्हतं. तो रोज दोन वेळा ते पान उघडत होता आणि रोज दोन वेळा तिथे काही नव्हतं. मी त्याला चहा दिला. तो त्याने घेतला नाही. उठून गेला तेव्हा बाकावर हात टेकून उठला, म्हाताऱ्या माणसासारखा. एकतिशीसुद्धा गाठली नव्हती.

त्या संध्याकाळी पेपरवाली मंडळी गेल्यावर मी ते पुस्तक कपाटातून काढून टेबलावर ठेवलं, कॉम्प्युटर लावला आणि शिंपिणीच्या लेखाखाली एका बोटाने टाइप केलं, 'मृण्मयी, हे पुस्तक कुठे मिळेल गं?' माझं नाव घातलं नाही. नुसतं 'एक वाचक' लिहिलं. पोराला निदान एकदा तिचं नाव वाचायला मिळेल, उत्तर लिहायला मिळेल, एवढंच माझ्या मनात होतं. उपाशी माणसाला घासभर द्यावा, तेवढंच. पुस्तक परत फळीवर ठेवून मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी उघडून बघितलं तर उत्तर आलं होतं. मृण्मयीच्या नावाने नव्हे, त्याच्या स्वतःच्या.

'मी निषाद, मृण्मयीचा नवरा. मृण्मयी आता नाही. ती दोन वर्षांपूर्वी तापाने गेली. तुम्ही विचारलेलं पुस्तक मारुंजीच्या सार्वजनिक वाचनालयात आहे.'

मी टेबलावर डोकं ठेवलं आणि रडले. पेपर वाचणारे नरहरी काका उठून आले, बाई, काय झालं म्हणून विचारायला लागले. त्यांना काय सांगणार?

संध्याकाळी तो आला. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला. "तुम्हीच ना, ताई?"

"कशावरून?"

"तिथे सगळे तिला ताई म्हणायचे. गं म्हणणारं कोणी नव्हतं."

"मग खरं कशाला लिहिलंस रे? मी तुझ्यासाठी..."

"तिच्या नावाने लिहायला बसलो होतो. अर्धं लिहिलंही. पण तुम्हाला खोटं कसं लिहू? तुम्ही होतात ना घाटावर."

कॉम्प्युटर चालूच होता. त्याने तो आपल्याकडे वळवला. त्याच्या उत्तराखाली दिवसभरात लोकांनी लिहिलं होतं. खूप जणांनी. इतके दिवस गप्प असलेली ती सगळी माणसं परत आली होती. निषादजी, विश्वास बसत नाही. निषाद, धीर धरा. निषादजी, आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत. सांगलीच्या शिक्षकांनी भलंमोठं पत्रच लिहिलं होतं, त्याला. निषाद एकेक वाचत खाली गेला. पुन्हा वर आला, पुन्हा खाली गेला. मी समजले, त्याला बरं वाटतंय. त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तो पडद्याकडे बघतच म्हणाला, "ताई, सगळे माझ्याशी बोलतायत. तिच्याशी कोणीच नाही."